मार्चमधील हिमवादळ आणि अप्टनचे टिपण : एका मोफत सरकारी सेवेचे परीक्षण

न्यूयॉर्कमध्ये मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हिमवादळाची नुसती शक्यता दिसू लागली, तरी हवामानाचा छंद असलेल्या मंडळींची झोप उडते. जानेवारीतल्या बर्फाचे येथे कोणाला फारसे नवल नसते. वसंत लागल्यानंतरचे वादळ मात्र शहरावर सहा-आठ इंच बर्फ टाकून जाईल की नुसताच गार पाऊस देऊन निघून जाईल, हे शेवटच्या काही तासांपर्यंत ठरत नाही, आणि या छंदाची सारी गोडी त्या न ठरण्यातच आहे. अशा वादळाचा माग काढण्यासाठी जी साधने हाताशी आहेत, त्यांपैकी सर्वांत मोलाचे आणि तरीही सर्वांत कमी वाचले जाणारे साधन म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या न्यूयॉर्क कार्यालयाचे टिपण होय. त्याचे अधिकृत नाव 'एरिया फोरकास्ट डिस्कशन' असे आहे. पुढील परीक्षण मुख्यतः या टिपणाचे आहे. रंगीत नकाशे दाखवणाऱ्या संकेतस्थळांचा विचार त्याच्या अनुषंगाने केला आहे.

हे कार्यालय न्यूयॉर्कच्या नावाने ओळखले जात असले, तरी ते शहरात नाही. लाँग आयलंडवर अप्टन येथे, ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या आवारात ते आहे, आणि तेथूनच तापमान व आर्द्रता मोजणारी उपकरणे बांधलेला फुगा आकाशात सोडला जातो. शहराचे पाचही बरो, लाँग आयलंड, हडसन खोऱ्याचा खालचा भाग, न्यू जर्सीचा ईशान्य कोपरा आणि दक्षिण कनेक्टिकट एवढा प्रदेश त्याच्या अखत्यारीत येतो. न्यू जर्सीतील मराठी वाचकांनी येथे थोडी काळजी घ्यावी. जर्सी सिटी अप्टनच्या हद्दीत आहे. एडिसन मात्र मिडलसेक्स काउंटीत असल्यामुळे त्याचा अंदाज माउंट हॉली येथील कार्यालय देते. पाऊस आणि बर्फ यांची सीमारेषा जेव्हा या दोन गावांच्या मधून जाते, तेव्हा आपण भलत्याच कार्यालयाचे टिपण वाचत नाही ना, हे पाहिलेले बरे.

टिपणाचे बाह्यरूप अगदी रुक्ष आहे. ना चित्र, ना रंग. एका ठशाचा मजकूर, त्याखाली विमान वाहतूक आणि समुद्र यांविषयीचे विभाग, आणि शेवटी लिहिणाऱ्यांची आद्याक्षरे. 2016 पर्यंत तर सारा मजकूर इंग्रजी मोठ्या लिपीत छापला जात असे आणि तो वाचताना कोणी आपल्यावर ओरडत असल्याचा भास होई. पहाटे आणि दुपारनंतर अशी दोन मोठी टिपणे निघतात आणि मधल्या वेळात दुरुस्त्या होत राहतात. दिसायला इतकी साधी असलेली ही सेवा इतकी मोलाची का, याचे कारण असे की येथे अंदाज बांधणारा माणूस आपली शंका लिहून ठेवतो. कोणते मॉडेल, म्हणजे संगणकावर चालणारी अंदाजाची पद्धत, वादळाला किनाऱ्याच्या जवळ आणते आहे, कोणते त्याला दूर समुद्रात नेते आहे, आपण कोणाच्या बाजूने झुकलो आणि का झुकलो, हे तो सांगतो. फोनवरील साध्या ॲपमध्ये ढगाच्या चित्राखाली एकच आकडा येतो आणि त्या आकड्याच्या मागे किती खात्री आहे याचा पत्ता लागत नाही. नेमकी तीच खात्री, किंवा तिचा अभाव, टिपणात वाचायला मिळतो.

वसंतातल्या वादळात ही शंका इतकी महत्त्वाची का ठरते, ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. डिसेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 26 अंशांवर असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो 49 अंशांच्या पुढे जातो, म्हणजेच सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याइतका वर येतो. ढगांआडूनही त्याची उष्णता डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचते, त्यामुळे दिवसा हलका बर्फ पडत राहिला तरी तो गवतावर साचतो आणि रस्त्यावर विरघळतो. रस्ता पांढरा व्हायचा असेल तर बर्फ रात्री पडावा लागतो, किंवा दिवसा पडताना त्याचा जोर इतका असावा लागतो की वितळण्याच्या वेगाला तो मागे टाकेल. जोर वाढला की आणखी एक गोष्ट घडते : खाली येणारे कण बाष्पीभवनाने आणि वितळण्याने आजूबाजूची हवा थंड करतात आणि पावसाचे रूपांतर बर्फात होऊ शकते. म्हणून अप्टनचे टिपण केवळ जमिनीजवळच्या तापमानावर थांबत नाही. कोरड्या हवेला थंड होण्यास किती वाव आहे हे दाखवणारे 'वेट-बल्ब' तापमान, आणि दीड ते तीन किलोमीटर उंचीवर समुद्रावरून घुसणारा उबदार हवेचा थर, या दोहोंची चर्चा त्यात असते. त्या थराचे तापमान शून्याच्या वर अंश-दीड अंश गेले, तरी वर तयार झालेला बर्फ खाली स्लीट, म्हणजे गोठलेल्या थेंबांचे बारीक खडे, होऊन पोहोचतो आणि फुटाच्या अंदाजाचे चार इंच होतात.

14 मार्च 2017 चे वादळ या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. शहरासाठी फूट-दीड फूट बर्फाचा अंदाज होता. उबदार थर अपेक्षेपेक्षा आत शिरला, स्लीट पडू लागली आणि सेंट्रल पार्कमध्ये साडेसात इंचांच्या आसपास नोंद झाली. त्याच वादळाने आतील भागात बिंगहॅम्टनला मात्र तीस इंचांहून अधिक बर्फाखाली गाडले. आदल्या संध्याकाळी आकडे खाली येण्याची चिन्हे दिसत असतानाही, लोक गाफील राहतील या भीतीने हवामान सेवेने मोठा आकडा कायम ठेवला होता, हे नंतर तिच्याच अधिकाऱ्यांनी मान्य केले. मला हा निर्णय पटत नाही. सावधगिरीचा इशारा आणि संभाव्य आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाचकाला दोन्ही सांगितल्या तर तो गोंधळतो असे मानणे म्हणजे त्याला कमी लेखणे होय. या सेवेच्या गुणांत यामुळे थोडी घट करावी लागते. न्यूयॉर्कसाठी आता किमान, अपेक्षित आणि कमाल असे तीन नकाशे शेजारी-शेजारी दिले जातात. त्यांतील किमान आकड्याहून कमी बर्फ पडण्याची शक्यता साधारण दहांत एक असते आणि कमाल आकडा ओलांडला जाण्याची शक्यताही तेवढीच असते. मार्च महिन्यात या दोन टोकांमधले अंतर कधीकधी शून्य ते फूटभर एवढे असते. हे पाहून पुष्कळ लोक वैतागतात. परंतु एवढे अंतर दाखवणे हाच त्या दिवशीचा प्रामाणिक अंदाज असतो.

आता नकाशांच्या संकेतस्थळांविषयी. ट्रॉपिकल टिडबिट्स आणि पिव्होटल वेदर ही दोन नावे या छंदातल्या प्रत्येकाला पाठ असतात. पहिले लेव्ही कोवन या हवामानतज्ज्ञाने उभारले आहे. दुसऱ्यावर नकाशे मोठे करून पाहण्याची सोय अधिक चांगली आहे. अमेरिकी जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा चालते. त्याच्या जोडीला युरोपीय हवामान केंद्राचे मॉडेल, कॅनडाचे मॉडेल, कमी मुदतीचे पण बारीक जाळीचे नॅम आणि दर तासाला नव्याने चालणारे एचआरआरआर अशी सारी मंडळी येथे एकाच ठिकाणी भेटतात. वेग, मांडणी आणि उपलब्धता या बाबतींत दोन्ही स्थळे उत्तम आहेत. अडचण आहे ती त्यांवरील सर्वांत लोकप्रिय नकाशाची, म्हणजे एकूण हिमवृष्टीच्या जांभळ्या-गुलाबी नकाशाची. त्याच्या सर्वांत साध्या रूपात एक इंच पाण्यापासून दहा इंच बर्फ होतो असे गृहीत धरलेले असते. वसंतातला ओला बर्फ पुष्कळदा एकास सहा-सात या प्रमाणातच साचतो, आणि काही मॉडेलांच्या नकाशांत स्लीटही बर्फ म्हणूनच मोजली जाते. परिणामी सव्वा इंच पाण्याचा अंदाज नकाशावर साडेबारा इंच बर्फ होऊन झळकतो आणि अंगणात त्याच्या निम्माच भरतो. कुचेरा पद्धतीचा नकाशा हवेच्या थरांमधील तापमान विचारात घेऊन हे प्रमाण बदलतो, म्हणून तो अधिक विश्वासार्ह असतो. मात्र तापलेल्या रस्त्याचा हिशेब त्यातही नसतो. नवख्याने ही स्थळे जरूर पाहावीत, पण हिमवृष्टीच्या नकाशापाशी सर्वांत शेवटी यावे. त्याआधी एन्सेम्बल पाहावे. युरोपीय केंद्र सुरुवातीच्या स्थितीत बारीक बदल करून तेच वादळ पन्नासाहून अधिक वेळा चालवते. त्यांतल्या निम्म्या वेळा वादळ बाहेर समुद्रात जात असेल, तर एकट्या मुख्य रनमधील (मॉडेल एकदा चालवून आलेल्या निकालातील) फूटभर बर्फाला फारसा अर्थ उरत नाही.

टिपणाची एक सोय फारशी कोणाला ठाऊक नसते. त्याच पानावर आधीच्या आवृत्त्यांचे क्रमांक दिलेले असतात आणि त्यांवरून मागे मागे जाता येते. वादळाच्या चार दिवस आधीपासूनची टिपणे ओळीने वाचली, तर आत्मविश्वास कसा वाढत किंवा ओसरत गेला हे स्पष्ट दिसते. एखाद्या रनने दाखवलेला मोठा आकडा पुढच्या तीन टिपणांत लेखकाने उचललाच नाही, तर तो त्याला पटलेला नाही असे खुशाल समजावे. 2018 सारख्या वर्षात ही सवय उपयोगी पडते. त्या वर्षी पाडवा 18 मार्चला होता, आणि गुढ्या उतरून तीनच दिवस झाले असताना, 21 मार्चला, त्या महिन्यातले चौथे नॉरईस्टर (ईशान्येच्या वाऱ्यांसह किनाऱ्यालगत येणारे) वादळ सेंट्रल पार्कवर आठ इंचांहून अधिक बर्फ टाकून गेले. पुढे 2 एप्रिलला आणखी साडेपाच इंच पडले आणि यँकीज या बेसबॉल संघाचा हंगामातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना पुढे ढकलावा लागला. एप्रिलमध्ये असे क्वचित घडते, पण अशक्य नाही : 6 एप्रिल 1982 रोजी याच उद्यानात 9.6 इंचांची नोंद आहे. एप्रिलच्या वादळाला हसून बाजूला सारणाऱ्याला मी हा आकडा आवर्जून सांगतो.

उणिवाही सांगायला हव्यात. भाषा जड आहे. क्यूपीएफ, फ्रंटोजेनेसिस असे शब्द कोणतीही प्रस्तावना न करता येतात. पानावर शब्दकोश सुरू करण्याची सोय आहे, परंतु ती अशा कोपऱ्यात आहे की शोधल्याशिवाय सापडत नाही. मॉडेलांच्या रनची वेळ जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते आणि ती मनातल्या मनात बदलून घ्यावी लागते. 2025 मध्ये मनुष्यबळाअभावी ऑल्बनीसारख्या काही केंद्रांवर फुगे सोडणे कमी झाले. हा दोष टिपण लिहिणाऱ्यांचा नाही, पण शून्य अंशाच्या आसपास लोंबकळणाऱ्या वादळात अशा प्रत्येक मोजणीला किंमत असते. आणि वादळ ओसरल्यावर आपला अंदाज कोठे चुकला याचे विवेचन टिपणात सहसा येत नाही. ते नियमाने आले तर या सेवेत मला मागण्यासारखे फारसे काही उरणार नाही. तूर्त पाचपैकी साडेचार गुण.

वेळेचा प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतः सोडवायचा आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे सरकतात, त्यामुळे हिवाळ्यात रात्री साडेदहाच्या सुमारास येऊ लागणारे जीएफएसचे निकाल साडेअकराला सुरू होतात आणि युरोपीय मॉडेलसाठी दीड-दोन वाजेपर्यंत जागावे लागते. ज्यांना सकाळी कचेरी गाठायची आहे, त्यांनी या दोन्ही रनचा नाद सोडून निवांत झोपावे आणि उठल्यावर पहाटेचे टिपण उघडावे. तोवर अप्टनच्या रात्रपाळीने दोन्ही पाहून आपले मत लिहिलेले असते.