ग्लुकोज पावडर: झटपट ऊर्जा कितपत झटपट?

उन्हाळा लागला की किराणा दुकानांच्या दर्शनी फळीवर ग्लुकोज पावडरचे डबे येऊन बसतात, आणि डबा कोणत्याही कंपनीचा असला तरी गिऱ्हाईक बहुधा ‘ग्लुकॉन-डी’ म्हणूनच तो मागते. हे परीक्षण बिनस्वादाच्या, साध्या पावडरचे आहे. संत्रे-लिंबू स्वादाच्या डब्यांत वेगळी साखर घातली आहे का, हे लेबल वाचून पाहावे.

मैदानावर ती पाण्यात कालवण्याइतकाही धीर कोणाला नसतो. खो-खो किंवा कबड्डीच्या मध्यंतरात क्रीडाशिक्षक मुलांच्या तळहातावर चमचाभर पावडर ठेवतात आणि ती कोरडीच चाटली जाते. जिभेवर पडताच जाणवणारा गारवा हा भास नसतो. ग्लुकोज विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेते, त्यामुळे जीभ खरोखरच किंचित थंड होते. गोडी साखरेपेक्षा कमी असल्याने तोंडही फारसे मिठ्ठ होत नाही. चवीच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

प्रश्न आहे तो ऊर्जेचा. स्नायू आकुंचन पावताना थेट साखर वापरत नाहीत, तर एटीपी नावाचा रेणू वापरतात, आणि त्याचा साठा काही सेकंदांपुरताच असल्याने शरीराला तो क्षणोक्षणी नव्याने तयार करावा लागतो. त्यासाठी कच्चा माल म्हणून प्रौढ माणसाच्या स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम व यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन (ग्लुकोजचे साठवणीतले रूप) असते, चरबी निराळीच. रक्तात मात्र एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम ग्लुकोज फिरत असते. नीट जेवून उतरलेल्या खेळाडूच्या अंगात एवढे इंधन शिल्लक असताना तळहातावरच्या चमचाभर पावडरीने साठ्यात कितीशी भर पडणार? शिवाय ती आतड्यातून रक्तात जायला काही मिनिटे लागतातच.

तरीही तरतरी येते, आणि ती निव्वळ कल्पना नसते. इंग्लंडमधील संशोधकांनी २००४ साली सायकलपटूंना सुमारे तासाभराच्या जोरदार शर्यतीत माल्टोडेक्स्ट्रिन या पिष्टमय पदार्थाच्या पाण्याने फक्त चुळा भरायला लावल्या. एक घोटही पोटात गेला नाही, तरी त्यांची कामगिरी सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. उलट, तशाच शर्यतीत शिरेतून थेट रक्तात ग्लुकोज सोडले, तेव्हा फरक पडला नाही. (अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घेण्याची हौस असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.) पुढे २००९ साली मेंदूच्या प्रतिमांतून दिसले की तोंडात कर्बोदक आल्याची वर्दी मेंदूतील प्रेरणेशी निगडित भागांपर्यंत पोहोचते, नुसत्या गोड, पण कर्बोदक नसलेल्या सॅकरिनच्या चुळीने मात्र कामगिरी सुधारली नाही. थकवा म्हणजे टाकी रिकामी होणे नव्हे. साठा संपण्याच्या कितीतरी आधी मेंदू हात आखडता घेतो, आणि रसद येते आहे असे कळले की तो थोडा सैल सोडतो. कबड्डीच्या छोट्या चढाईला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, पण पावडर जिभेवर ठेवायची मैदानी रीत मला यामुळेच अडाणी वाटत नाही.

साठा खरोखर घटतो तो दीड-दोन तासांहून लांबलेल्या श्रमांत. मॅरेथॉन किंवा सह्याद्रीतील दिवसभराची चाल असेल, तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेणे उपयोगी पडते आणि तेथे ही पावडर सोयीची आहे. पण घाम गाळणाऱ्याला पाण्याबरोबर मीठही हवे असते, कारण आतड्यात ग्लुकोज व सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी. जलसंजीवनीच्या लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोजबरोबर २.६ ग्रॅम मीठ असते ते याचसाठी. नुसत्या ग्लुकोजच्या दाट, गोड पाण्यापेक्षा मीठ घातलेले लिंबू सरबत मला उजवे वाटते, आणि साखर कितीतरी पट स्वस्तही पडते.

दुपारी कार्यालयात डोळे मिटू लागतात त्यावर मात्र हा उपाय नाही. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन हे पेंग आणणारे रसायन साचत जाते आणि ते झोपेनेच ओसरते. आठवडेच्या आठवडे टिकणारा थकवा तर डब्याच्या आवाक्यातलाच नाही: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि तेथे तूट असते ती प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनची. मधुमेहात तर रक्तात साखर भरपूर असूनही ती पेशींना नीट वापरता येत नाही. तेथे ‘शक्ती येईल’ म्हणून ग्लुकोज पाजणे घातक आहे.

याच मधुमेहींपैकी इन्सुलिन घेणाऱ्याची रक्तातील साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरून दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर मात्र या डब्याला तोड नाही. रुग्ण शुद्धीवर असून त्याला गिळता येत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून द्यावे आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, अशी रूढ वैद्यकीय पद्धत आहे. अशा घरात साध्या पावडरचा लहान डबा हाताशी असावा आणि त्याचे झाकण घट्ट लावलेले असावे, कारण पावसाळ्यात दमट हवा लागली की पावडरचे खडे होतात.