मक्यासाठी हवाबंद पिशव्या: घ्या, पण मका कडक वाळवूनच भरा

आमच्या येवल्याकडे खरिपाचा मका नेमका परतीच्या पावसात सापडतो. थोडा विकायचा, बाकीचा गाईंच्या भरड्याला ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. साध्या पोत्यात उन्हाळ्याआधीच सोंडे लागायचे, तळाचा मका ढेकळासारखा धरायचा आणि हाताने फोडला की हिरवट पूड उडायची. म्हणून तीन थरांच्या हवाबंद पिशव्या घेतल्या. बाहेरून विणलेलं पोतं, आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या. पाचपैकी चार गुण देईन.

त्या हिरवट पुडीबद्दल आधी बोलायला हवं, कारण मी पैसे तिच्यासाठीच मोजले. ती अस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी, आणि तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. त्याचा पहिला घाव यकृतावर. पोटात गेलेल्या विषाचं यकृतातच आणखी घातक रूप होतं, ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं आणि पुढे कर्करोगाची वाट मोकळी होते. हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला हा धोका कितीतरी पटींनी जास्त. कोंबड्यांची अंडी घटतात, लस नीट लागू होत नाही. गाय वैरण कमी खाते, दूध कमी होतं. एकदम खूप विष गेलं तर जीवच जातो. 1974 साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजलेला मका खाऊन कावीळ पसरली, शंभराहून जास्त माणसं गेली. तिथले कुत्रेही मेले होते.

आपल्याकडे बुरशीचा मका टाकवत नाही, तो जनावरांपुढे जातो. हे मला अजिबात पटत नाही. गाईने खाल्लेल्या विषाचा थोडा भाग एम-1 या रूपात दिवसभरातच दुधात उतरतो. दूध उकळल्याने तो जात नाही. एक लिटर दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम ही आपल्या देशातली मर्यादा, म्हणजे ग्रॅमच्या वीस लाखाव्या भागाइतकं. तेच दूध आपली लेकरं पितात!

आता पिशवी. दाणा आणि किडे आतला ऑक्सिजन वापरून टाकतात, बाहेरून नवा येत नाही. सोंडे मरतात, बुरशीची वाढ थांबते. औषधाच्या गोळ्या ठेवाव्या लागत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. उन्हाळ्यात पिशवी उघडली तेव्हा मक्याला भरताना होता तसाच वास होता, दाणा पोखरलेला नव्हता.

पण शेतात किंवा खळ्यावर आधीच तयार झालेलं विष ही पिशवी काढत नाही. बुरशी मेली तरी विष तसंच राहतं, भरडून किंवा शिजवूनही ते पुरतं जात नाही. त्यामुळे काळपट, फुटके, किडके दाणे भरण्याआधीच निवडून बाजूला काढा आणि ते कोंबड्यांनाही घालू नका. ओला मका भरलात तर तो आत आंबून वाया जाईल. ओलावा तेरा टक्क्यांच्या आसपास हवा. मोजायचं यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि थोडं कोरडं मीठ घालून हलवा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला. चिकटलं नाही तरी आणखी दोन उन्हं द्या, कारण मिठाला एवढा बारीक फरक कळत नाही. वाळवण ताडपत्रीवरच, मातीवर नको.

एक गुण कापला तो उंदरांमुळे. प्लास्टिकला एक भोक पडलं की हवाबंदपणा संपला. पिशव्या फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा. भरताना हवा दाबून काढा, आतली प्रत्येक पिशवी वेगळी पिळून, दुमडून घट्ट बांधा. हे एकट्या माणसाचं काम नाही, दुसरा हात लागतोच.

किंमत साध्या पोत्याच्या कितीतरी पट आहे, पण भोक पडलं नाही तर पिशवी पुढच्या हंगामालाही चालते. रोज थोडाथोडा मका काढायचा असेल तर मात्र ही घेऊ नका. प्रत्येक वेळी तोंड उघडलं की आत हवा जाते. आम्ही एक पिशवी फोडतो, तिचा भरडा संपवतो, मगच दुसरीला हात लावतो.