टर्मिनलमधल्या फाइलींचे रंग बदलून नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

आधी माझा सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. घरी विंडोज लॅपटॉप, त्यात डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) टाकून उबुंटू लिनक्स. ऑफिसला दोन लिनक्स सर्व्हर, दिवसभर एसएसएच करून, म्हणजे दुरून लॉगिन करून, तिथेच पडलेलो असतो. म्हणजे फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस' ही कमांड मी दिवसातून किती वेळा मारतो याचा हिशोबच नाही, काहीच सुचत नसलं तरी बोटं आपोआप एलएस टाइप करतात.

सुरुवात झाली निळ्या रंगाच्या वैतागातून. लिनक्सवर फोल्डर डीफॉल्ट ठळक निळ्यात दिसतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर तो निळा म्हणजे अमावस्येला अंगणात सांडलेली शाई. त्यात डब्ल्यूएसएलमध्ये सी ड्राइव्हवर गेलं की अजून मजा, तिथले सगळे फोल्डर हिरव्या पट्टीवर निळ्या अक्षरात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं स्क्रीनच गेली. नंतर कळलं की विंडोजच्या ड्राइव्हवरच्या प्रत्येक फोल्डरची परमिशन लिनक्सला ७७७ दिसते, म्हणजे कोणीही यावं काहीही लिहावं, आणि अशा फोल्डरसाठी एलएसकडे वेगळा कोड आहे, 'ओडब्ल्यू', त्याची डीफॉल्ट व्हॅल्यू ३४;४२. चौतीस म्हणजे निळी अक्षरं, बेचाळीस म्हणजे हिरवी पार्श्वभूमी. (टाइप करताना अर्थात इंग्रजी अंक.)

तर हे सगळं चालतं एलएस_कलर्स नावाच्या एका व्हेरिएबलवर, म्हणजे टर्मिनलमध्ये साठवलेल्या एका सेटिंगवर. त्यात कोलन टाकून टाकून जोड्या लिहिलेल्या असतात, डीआय म्हणजे फोल्डर, एलएन म्हणजे लिंक (दुसऱ्या फाइलीकडे किंवा फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट), ईएक्स म्हणजे चालवता येणारी फाइल, आणि पुढे एक्स्टेन्शननुसार झिप लाल, जेपीजी जांभळट वगैरे. हाताने तो व्हेरिएबल लिहायला जाऊ नका, डोळे जातील. 'डिरकलर्स' कमांडला डॅश पी दिलं की अख्खी डीफॉल्ट यादी छापून मिळते, ती होम फोल्डरमध्ये डॉट डिरकलर्स नावाने सेव्ह करायची आणि तीच एडिट करायची. उबुंटूच्या बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) ही फाइल असेल तर वाचायची सोय आधीपासूनच आहे, वेगळं काही लिहावं लागत नाही. नवीन टर्मिनल उघडलं की झालं.

मी काय केलं, हौसेला मोल नाही म्हणतात तसं, थेट २५६ रंगांवर गेलो. 'व्हिव्हिड' नावाचं एक टूल आहे, त्याला थीमचं नाव दिलं की शेकडो एक्स्टेन्शनचे रंग तयार करून देतं. पहिले दोन आठवडे काय सांगू, दिवाळीचा आकाशकंदील. पायथॉन वेगळं, जेसन वेगळं, मार्कडाउन वेगळं, कॉन्फिग वेगळं. आणि सगळे व्हेरिएबल छापणारी 'एन्व्ही' कमांड मारली की अख्खी स्क्रीन भरून नुसता हा एकच व्हेरिएबल, बाकीचं काही शोधायचं तर ग्रेप ही शोधायची कमांडच लावावी लागायची.

पण महिन्याभरात लक्षात आलं की मी रंग बघतच नाहीये. सगळंच रंगीत म्हटल्यावर डोळा कुठेच थांबत नाही, मी परत नावंच वाचत होतो. दुसरं म्हणजे दुपारी खिडकीतून ऊन येतं तेव्हा मी टर्मिनल पांढऱ्या थीमवर टाकतो, आणि तिथे अर्धी यादी गायब! कारण असं की ३० ते ३७ हे जुने कोड नुसती नावं आहेत, लाल म्हणजे नक्की कुठला लाल ते टर्मिनलची थीम ठरवते, त्यामुळे थीम बदलली की तेही बदलतात. पण २५६वाल्यात १६ च्या पुढचे आकडे ठरलेल्या छटा असतात, फिका पिवळा हा पांढऱ्यावरही फिका पिवळाच राहणार. हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझे दोन रविवार वाचले असते. माझा मूळचा निळ्याचा त्रास तर टर्मिनलच्या सेटिंगमध्ये जाऊन निळ्याची छटा थोडी उजळ केली तिथेच संपला असता, एलएसला हातसुद्धा लावायची गरज नव्हती. असो.

मग २५६ सोडून परत साध्या १६ वर आलो आणि यादी कापायला घेतली.

आता खरी गडबड सांगतो. सी ड्राइव्हवरची ती हिरवी पट्टी मला नको होती म्हणून मी ओडब्ल्यूला साध्या फोल्डरचाच रंग देऊन टाकला होता, ०१;३४. घरी एकदम छान दिसायला लागलं. मग तीच डॉट डिरकलर्स फाइल दोन्ही सर्व्हरवर कॉपी केली, सगळीकडे सारखं दिसावं म्हणून. दोनेक महिन्यांनी एका सर्व्हरवर अपलोडच्या फोल्डरमधल्या फाइली मध्येच गायब व्हायला लागल्या. कोणी म्हणे स्क्रिप्टचा घोळ, कोणी म्हणे डिस्क. मी त्या फोल्डरच्या वरच्या फोल्डरमध्ये रोज पाच-सहा वेळा एलएस मारत होतो आणि मला दिसत होतं एक साधं निळं फोल्डर. शेवटी बाजूच्या टेबलवरच्या मित्राने त्याच्या लॉगिनने उघडलं आणि म्हणाला, "अरे हे हिरवं का आहे?" ७७७ होतं ते. कधीतरी कोणीतरी घाईत परमिशन उघडी टाकली होती आणि दुसऱ्याच एका युजरचं साफसफाईचं काम तिथे येऊन फाइली उडवत होतं. ती भडक पट्टी त्यासाठीच असते आणि मी ती स्वतःच्या हाताने पुसली होती. त्या दिवशी चहाचे पैसे मी दिले.

तेव्हापासून ओडब्ल्यूची ओळ फाइलीत मूळचीच आहे. फक्त घरच्या बॅशआरसीमध्ये शेवटी एक अट टाकलीय, प्रोक व्हर्जनच्या फाइलीत (जिथे चालू लिनक्सची माहिती असते) मायक्रोसॉफ्ट हा शब्द सापडला तरच ओडब्ल्यू निळा. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिगमधून ड्राइव्ह मेटाडेटा आणि उमास्क हे परमिशनचे पर्याय देऊन जोडला तरी ते सुटतं म्हणे, मी त्या वाटेला गेलो नाही.

तुटलेल्या लिंकसाठी 'ओआर' कोड आहे, तो मात्र सगळ्यात कामाचा निघाला. आमच्याकडे 'करंट' नावाची लिंक चालू रिलीजच्या फोल्डरकडे बोट दाखवते, आणि जुने रिलीज साफ करताना कधीकधी चालूच उडतं. ओआरला लाल पट्टीवर पांढरी अक्षरं दिली, लॉगिन करून एलएस मारताक्षणी दिसतं. आधी उत्साहात त्यात ०५ पण टाकलं होतं, म्हणजे ब्लिंक. घरच्या टर्मिनलवर लुकलुकायचं, दुसऱ्यावर काहीच नाही, आणि जिथे लुकलुकायचं तिथे आठवड्यात डोकं उठलं. काढलं.

छोट्या छोट्या खोड्या पण सांगतो. एलियसमध्ये, म्हणजे एलएस टाइप केलं की पर्यायांसकट जी कमांड चालते त्या टोपणनावात, कलर ऑटोच ठेवा, मी ऑलवेज केलं होतं. मग एलएसचं आउटपुट ग्रेपला देऊन ओळीच्या सुरुवातीचं नाव शोधायला गेलो तर काही सापडेचना, कारण ओळीच्या सुरुवातीला रंगाचा अदृश्य कोड बसलेला. ऑटो असेल तर पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देताना, रंग जातच नाहीत. दुसरं, अलाक्रिटी टर्मिनल वापरून बघितलं तेव्हा उबुंटू २०.०४ च्या सर्व्हरवर सगळे रंग गुल. डिरकलर्सच्या फाइलीत वरती टर्मिनलच्या नावांची यादी असते, आपलं नाव त्यात नसेल तर तो रिकामा व्हेरिएबल देतो, एरर वगैरे काही नाही, नुसता मख्ख. एक ओळ वाढवली की चालू. आणि नेटवर्क ड्राइव्हवर हजारो फाइलींचं फोल्डर असेल तर रंगीत एलएस चांगलंच रखडतं, कारण फाइल चालवता येणारी आहे का हे कळायला प्रत्येक फाइलीची परमिशन विचारावी लागते. तिथे एलएसच्या आधी बॅकस्लॅश मारतो, एलियस बाजूला राहतं आणि यादी लगेच येते.

टीममधल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्याला माझ्या या सगळ्या उद्योगाचा काडीचा उपयोग नव्हता. तो डॅश कॅपिटल एफ वापरतो, नावाच्या शेवटी खूण येते, फोल्डरला स्लॅश, चालणाऱ्या फाइलीला स्टार, लिंकला ॲट. मीही आता एलियसमध्ये ते घातलंय, छपाईत किंवा चॅटमध्ये यादी चिकटवली तरी कळतं काय काय आहे.

मॅकबद्दल कोणी विचारेल म्हणून, तिथलं एलएस वेगळ्या घराण्याचं. व्हेरिएबलच्या नावात अंडरस्कोअर नाही आणि आत अक्षरांची एक सलग माळ, दोन-दोन अक्षरांची जोडी, एक्स्टेन्शननुसार रंग नाहीतच. बायकोच्या मॅकवर मी होमब्रूने (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल) कोअरयूटिल्स टाकून जीएलएस, म्हणजे लिनक्सवालं एलएस, वापरलं, तिने दुसऱ्या दिवशी विचारलं हे काय करून ठेवलंस.

सध्या माझ्या फाइलीत मोजून एकोणीस ओळी आहेत. फोल्डर निळं, लिंक आकाशी, झिप-टार लाल, लॉग करडे म्हणजे नजरेआड, तुटलेली लिंक आणि उघडं फोल्डर भडक. बाकी सगळं बिनरंगी. परवा नवीन आलेल्या पोराने माझी स्क्रीन बघून विचारलं, "सर, तुमच्याकडे कलर चालू करून देऊ का?"