कमी बजेटचा स्टिरिओ: नवा छोटा अ‍ॅम्प की जुना वजनदार? आणि वायर किती जाड?

बजेट बेताचं असलं की पर्याय साधारण तीनच उरतात: तळहातावर मावणारा नवा क्लास डी अ‍ॅम्प (वीज फारशी वाया न घालवणारा, म्हणून छोटा अ‍ॅम्प्लिफायर), सेकंडहँड मिळणारा जुना इंटिग्रेटेड अ‍ॅम्प (सगळी बटणं आणि ताकद एकाच खोक्यात असलेला), नाहीतर कुणीतरी काढलेला एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-सिनेमासाठीचा अनेक स्पीकरांचा अ‍ॅम्प. तिसऱ्याचा निकाल आधीच लावतो. नुसती गाणी ऐकायची असतील तर रिसीव्हरच्या भानगडीत पडू नका. पाच-सात चॅनेलचे पैसे मोजायचे आणि वापरायचे दोनच. फुकट मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

क्लास डीच्या खोक्यावर ‘300 वॉट’ असं ठळक छापलेलं असतं. त्याकडे दुर्लक्ष करून अडॅप्टर उलटा करा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. 24 व्होल्ट, 5 अँपिअर म्हणजे 120 वॉट. आत जातात 120, तर बाहेर 300 सतत येणार कुठून? स्वस्त अ‍ॅम्पमध्ये सर्रास दिसणाऱ्या टीपीए 3116 चिपचा चॅनेलमागे 50 वॉटचा आकडाही 4 ओहमचा स्पीकर (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) आणि 10 टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची विकृती, धरून दिलेला असतो. एवढं डिस्टॉर्शन कानाला सरळ कळतं. 8 ओहमच्या स्पीकरवर 20-25 स्वच्छ वॉट धरा.

पण तेवढे पुरतात! 86 डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे तेवढ्या संवेदनशीलतेच्या, स्पीकरला एक वॉट दिला की एक मीटरवर 86 डेसिबल आवाज येतो, आणि मध्यम खोलीत निवांत ऐकताना सरासरी एक वॉटही खर्च होत नाही. बाकीचे लागतात ते तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळ्यांना. वॉट दुप्पट केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल. म्हणजे 25 वरून 50 वर जाण्यापेक्षा 86 ऐवजी 89 डेसिबलचा स्पीकर घेतला तरी फायदा तोच.

जुन्या इंटिग्रेटेडची बाजू वेगळी आहे. त्यात मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, टोन कंट्रोल असतात, बऱ्याचदा रेकॉर्ड प्लेअरसाठी फोनो इनपुटही असतो, आणि 4 ओहमचे हट्टी स्पीकर तो सहसा जास्त सहज निभावून नेतो. मात्र आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) जुने होऊन वाळलेले असू शकतात. घेताना व्हॉल्यूमचं बटण सावकाश फिरवून खरखर ऐका, आवाज अगदी कमी ठेवून एखादं चॅनेल गायब होतं का ते बघा, आणि मागे किती व्होल्टचं लेबल आहे तेही वाचा. दुरुस्ती करणारा ओळखीचा असेल आणि रेकॉर्ड ऐकायच्या असतील तर जुना घ्या. नाहीतर माझं मत नव्या क्लास डीला, चांगल्या अडॅप्टरसकट.

वायरीत डोकं लावण्यासारखं फारसं काही नाही. बाजार मात्र तसं भासू देत नाही. दोन गोष्टी बघायच्या: तांबं आणि जाडी. वायरचा जाऊन-येऊन रोध स्पीकरच्या ओहमच्या 5 टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा रूढ ठोकताळा. 1.5 चौरस मिलिमीटर म्हणजे साधारण 16 गेजची तांब्याची वायर पाच मीटर टाकली तर रोध होतो सुमारे 0.12 ओहम. 8 ओहमला मर्यादा 0.4, 4 ओहमला 0.2. दोन्हीकडे पास. अंतर दहा मीटर असेल किंवा स्पीकर 4 ओहमचे आणि वायर लांब असेल तर 2.5 चौरस मिलिमीटर घ्या. ‘ऑक्सिजन-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जास्त शुद्ध तांब्यासाठी जादा पैसे देऊ नका.

फसवणूक होते ती तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीत. एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर समजा. तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो, म्हणून ती घ्यायचीच तर एक माप जाड घ्या. वाकवून-वाकवून तुटतेही लवकर.

जोडताना टोकाच्या तारा पिळून एकजीव करा. एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर अ‍ॅम्प जाऊ शकतो. आणि या छोट्या क्लास डी अ‍ॅम्पमध्ये बहुधा उणे टर्मिनलवरही सिग्नल असतो, ते टर्मिनल अर्थिंगचं (ग्राउंडचं) नसतं. डाव्या-उजव्या स्पीकरच्या उणे वायरी एकत्र बांधून वायर वाचवायला जाऊ नका. एका स्पीकरचं अधिक-उणे उलटलं तर काही जळत नाही, पण बास गायब होतो आणि गायक मधोमध उभा राहायचं सोडून खोलीभर पसरतो.