कापूस सोडून स्ट्रॉ आणि ट्यूब: लाळेच्या नमुन्यांचा आठ महिन्यांचा अनुभव

नवी मुंबईत महापेतल्या आमच्या प्रयोगशाळेत हार्मोन तपासणीची लाळ आता कापसाच्या बोळ्याऐवजी आखूड स्ट्रॉमधून २ मिलीच्या पॉलिप्रोपिलीन ट्यूबमध्ये घेतात. कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनपुरता कापूस चालून जायचा, पण टेस्टोस्टेरॉनचा आकडा तो खोटाच फुगवतो. स्वस्त पडते म्हणून पॉलिस्टायरीनची ट्यूब मात्र आणू नका, ही स्टेरॉइड हार्मोन तिच्या भिंतीला चिकटतात.

तक्रार आहे ती वेळेची. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली लाळ सुटते, म्हणजे १ मिलीला तीन मिनिटं (फेस धरायचा नाही). घाई म्हणून लिंबू चाखायला दिलंत, तर आम्लामुळे पीएच घसरून तपासणीच बिघडते. ट्यूब काठोकाठ भरू नका. लाळ गोठताना फुगते आणि झाकण सुटतं.

खरा घोळ तोंडातच असतो. खाल्ल्यावर तासभर थांबायचं, साध्या पाण्याने चूळ भरायची आणि पुढची दहा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर लाळेत पाणीच मोजाल. मशेरीने किंवा ब्रशने हिरड्या दुखावल्या असतील तर लाळेला गुलाबी झाक येते. असा नमुना सरळ टाकून द्या, कारण रक्तात ही हार्मोन लाळेपेक्षा कितीतरी जास्त असतात. पावसाळ्यात खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळणाऱ्यांचं कॉर्टिसॉल वर दिसतं. लाळग्रंथीत कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करणारं एन्झाइम ज्येष्ठमधामुळे रोखलं जातं. आमच्या फॉर्मवर हा प्रश्नच नव्हता, आता घातलाय.

ठाण्याहून नमुने बर्फाच्या पॅकवर येतात. जुलैच्या दमटपणात ट्यूबला पाणी सुटून साध्या पेनची शाई पसरते, तेव्हा फ्रीजरची लेबलंच घ्या.

ताजी लाळ थेट तपासू नका. उणे २० अंशांवर गोठवून पूर्ण वितळवली की म्युसिनचे (लाळेतल्या चिकट प्रथिनाचे) धागे तुटतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) १५ मिनिटं फिरवा. आकडा जी मधला आहे, आरपीएम (मिनिटाचे फेरे) नव्हे: ८ सेंमी त्रिज्येच्या रोटरला साधारण ४१०० आरपीएम लागतात. १५०० आरपीएमवर जेमतेम २०० जी मिळतात आणि चिकटा वरच तरंगतो. फिरवल्यावर ट्यूब हलवू नका. वरची नितळ लाळ सावकाश ओढा. पिपेटच्या टोकात बुडबुडा आला की एकाच नमुन्याच्या दोन विहिरींचे (तपासणीच्या प्लेटमधल्या खळग्यांचे) आकडे जुळत नाहीत, आणि दोष उगाच किटला दिला जातो.