इंदुरातील एक रेडीमिक्स सेवा: ग्रेडच्या निवडीत उत्तम, गाड्यांच्या वेळेत कच्ची

रामबागेतील आमच्या नव्या घराचे काँक्रीट शहराबाहेरच्या एका रेडीमिक्स प्रकल्पाकडून, म्हणजे कारखान्यातच कालवून गाडीने पोहोचवणाऱ्याकडून, घेतले. पुढे तक्रारही असल्यामुळे नाव देत नाही.

या सेवेचा मोठा गुण असा की, दर सांगण्याआधी त्यांच्या अभियंत्याने काँक्रीट नेमके कोठे पडणार हे विचारले. आमचा ठेकेदार सगळीकडे एम-२० ग्रेड घालायला तयार होता (एम पुढचा आकडा जितका मोठा, तितकी काँक्रीटची ताकद जास्त). आयएस ४५६:२००० या भारतीय मानकानुसार आरसीसीसाठी, म्हणजे सळईच्या काँक्रीटसाठी, ती किमान ग्रेड आहे खरी, पण ती सौम्य परिस्थितीसाठी, म्हणजे ऊन-पावसापासून सुरक्षित असलेल्या भागांसाठी. जमिनीत गाडला जाणारा पाया आणि पावसात भिजणारी गच्ची मध्यम परिस्थितीत मोडतात, आणि तेथे किमान एम-२५, पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.५० पेक्षा जास्त नाही, व एका घनमीटरला किमान ३०० किलो सिमेंट, असा नियम आहे. पायाखालच्या थरात सळई नसल्याने तेथे मात्र त्यांनी स्वतःहून एम-१० सुचवली. महागडी ग्रेड खपवण्याचा मोह टाळणारा विक्रेता तसा विरळाच.

माळव्यातल्या काळ्या मातीमुळे पायाला एम-३० घ्यावी का, असेही आम्ही विचारले होते. त्यावर मिळालेले उत्तर मला फार पटले. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ग्रेड वाढवल्याने ती हालचाल थांबत नाही, त्यासाठी पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली न्यावा लागतो, आणि ते ठरवणे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे काम आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मिश्रणात वीज केंद्रातली राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश असल्याने सुरुवातीची ताकद सावकाश येईल, तेव्हा तराई (काँक्रीट पाण्याने ओले ठेवणे) सात नव्हे तर किमान दहा दिवस करा, हेही त्यांनी चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, लिहून दिले.

आता तक्रार. स्लॅब भरताना दुसरी गाडी बरीच उशिरा आली. पहिल्या गाडीतला माल तोवर घट्ट होऊ लागला होता आणि मध्ये कोल्ड जॉइंट, म्हणजे जुन्या-नव्या मालात कच्चा सांधा, पडण्याची भीती होती. त्यात उशिराच्या गाडीतला माल पंपाला जड जातो म्हणून चालकाने थेट ड्रममध्ये पाणी सोडण्याची तयारी दाखवली. असे वरून पाणी पडले की ०.५० चे प्रमाण बिघडते आणि पैसे एम-२५ चे मोजूनही तेवढी ताकद मिळत नाही. आमच्या सुपरवायझरने त्याला अडवले, प्रकल्पाचा तंत्रज्ञ बोलावला आणि त्याने अ‍ॅडमिक्श्चर हे रसायन घालून माल पुन्हा सैल केला. चालकाला हे शिकवणे प्रकल्पाचे काम होते, गिऱ्हाइकाचे नव्हे. गाडीत माल भरल्याची वेळ चलनावर असते. ती वाचल्याशिवाय गाडी रिकामी करू देऊ नये.

ताकद तपासण्यासाठीचे १५० मिलिमीटरचे क्यूब (नमुन्याचे ठोकळे) त्यांनी आमच्यासमोर भरले, मात्र २८ दिवसांचा अहवाल वारंवार फोन केल्यावरच हाती आला. आकडे समाधानकारक होते.

दरावर १८ टक्के जीएसटी आणि पंपाचे भाडे वेगळे पडते. पाया, खांब आणि स्लॅब यांसाठी मी पुन्हा यांच्याकडेच जाईन, पण दोन गाड्यांमधले अंतर आधी लेखी ठरवून घेईन. ओटा, पायऱ्या किंवा कुंपणाचे किरकोळ काम असेल तर पूर्ण गाडी मागवणे परवडत नाही. तेथे जागेवरचा मिक्सर आणि मोजून घातलेले पाणी पुरे.