स्टॉकहोमचं शुल्क की गेंटचा नकाशा?

पुण्याच्या पेठांमधल्या मोटारी कमी व्हाव्यात म्हणून महापालिकेकडे नेमकं काय मागावं, हे ठरवायला दोन शहरं शेजारी ठेवून बघूया.

स्टॉकहोमने 3 जानेवारी 2006 पासून सात महिने, प्रयोग म्हणून, मध्यवर्ती भागात ये-जा करणाऱ्या मोटारींना शुल्क लावलं. हद्दीवरची वाहतूक साधारण 20 टक्क्यांनी घटली. प्रयोग संपताच बऱ्याच गाड्या परत आल्या. फरक सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने निसटता का होईना, होकार दिला. ऑगस्ट 2007 पासून शुल्क कायम झालं. जादा बस मात्र ऑगस्ट 2005 मध्येच धावू लागल्या होत्या. क्रम असा हवा.

बेल्जियममधल्या गेंटने पैसे घेतलेच नाहीत. एप्रिल 2017 मध्ये मध्यवस्तीभोवती सहा विभाग पाडले. मोटार कुठल्याही विभागात जाते, पण शेजारच्या विभागात थेट नाही; बाहेरच्या वळण रस्त्यावर येऊन पुन्हा आत शिरावं लागतं. चालणाऱ्यांना आणि सायकलींना सरळ वाट मोकळी. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने 1977 मध्येच अशी चार विभागांची रचना केली होती.

शुल्कातून पैसा उभा राहतो, हे खरं. पण ज्याला परवडतं तो भरतो आणि येतोच. गेंटचा वळसा श्रीमंतालाही चुकत नाही. शिवाय स्टॉकहोम बेटांवर वसलंय, 18 नाक्यांत काम भागलं. पेठांमधल्या बोळांवर किती नाके बसवणार? आणि स्टॉकहोममध्ये मोटरसायकलींना शुल्क माफ आहे. पुण्यात दुचाकी वगळल्या तर गर्दी जवळपास तशीच राहील.

गेंटच्या पद्धतीतही अडचण आहे. वळशाचा भार टिळक रस्ता, शास्त्री रस्ता यांच्यावर पडेल, म्हणून तिथल्या रहिवाशांचं आधी ऐकायला हवं.

तरी माझं मत गेंटला. पैसे घेण्याचा मार्ग आपण पाहिलाय: 2018 मध्ये पार्किंग धोरण मंजूर झालं, पाच रस्त्यांवर प्रयोगही ठरला, तो उभा राहिला नाही. याउलट 11 डिसेंबरचा पादचारी दिन, म्हणजे वाहनं बंद करून रस्ता चालणाऱ्यांना देण्याचा दिवस, लक्ष्मी रस्त्यावर 2021 पासून प्रत्यक्षात होतोय. गेंटच्या दिशेने पहिलं पाऊल म्हणून नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हाच पट्टा आता स्टॉकहोमच्या प्रयोगासारखा सात महिने वाहनांविना मोकळा मागा, आणि जादा बस त्याआधी चार महिने.